पोथीतले आकाश आणि माथ्यावरचे आकाश : शंकर बाळकृष्ण दीक्षित

हिवाळ्याच्या रात्री पूर्वेकडे पाहिले, तर एका सरळ रेषेत असलेले तीन तारे सहज ओळखता येतात. त्यांच्या चारी बाजूंना चार ठळक तारे आहेत. आपल्याकडे या आकृतीला मृग म्हणतात. मधले तीन तारे म्हणजे मृगाच्या शरीरात रुतलेला बाण आणि थोड्या अंतरावर लखलखणारा तारा म्हणजे तो बाण मारणारा व्याध, अशी आपली कल्पना आहे. ग्रीक लोकांना याच ताऱ्यांत मृग दिसला नाही, शिकारी दिसला. तीन ताऱ्यांना त्यांनी त्याचा कमरपट्टा मानले आणि आपल्या व्याधाला त्याच्या मागून धावणारा कुत्रा. तारे तेच असले तरी ते पाहणाऱ्यांच्या मनातील चित्रे वेगळी होती.

ही चित्रे पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवण्याचे मार्गही वेगळे होते. युरोपात छपाईची कला आल्यावर थोड्याच वर्षांत प्राचीन ज्योतिषाचे ग्रंथ सचित्र निघू लागले. इ. स. १४८२ मध्ये व्हेनिस शहरात एऱ्हार्ट राटडोल्ट या मुद्रकाने हायजिनस या रोमन लेखकाच्या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ छापला. त्यात लाकडी ठशांवरून छापलेली तारकासमूहांची चित्रे होती. चित्रे मोहक होती. परंतु ठसे कोरणाऱ्याने तारे आकाशात जिथे आहेत तिथे न दाखवता चित्रात शोभतील तिथे बसवले होते. पुष्कळ ठिकाणी ग्रंथातील वर्णनाशीदेखील चित्राचा मेळ नव्हता. १५१५ मध्ये आल्ब्रेख्ट ड्यूररने ताऱ्यांचे नकाशे छापले. १६०३ मध्ये योहान बायरने जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या चित्रांचा मोठा तारासंग्रह प्रसिद्ध केला. बायरने प्रत्यक्ष वेध घेऊन तयार झालेल्या यादीवरून तारे मांडले आणि प्रत्येक समूहातील ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली. वृषभाच्या डोळ्याजवळचा तेजस्वी तारा अल्फा झाला, इतर तारे बीटा, गॅमा असे झाले. ही अक्षरे जगभरचे ज्योतिर्विद आजही वापरतात.

भारतात हे काम शब्दांनी केले. आपल्या ग्रंथकारांनी प्रत्येक नक्षत्राचा आकार आणि त्यातील ताऱ्यांची संख्या श्लोकात बांधून ठेवली. अश्विनी म्हणजे घोड्याचे तोंड, तारे तीन. कृत्तिका म्हणजे वस्तरा, तारे सहा. रोहिणी म्हणजे गाडा, तारे पाच. हस्त म्हणजे हात, तारे पाच. चित्रा म्हणजे मोती, तारा एकच. ज्याला श्लोक पाठ त्याला कागदाची गरज नव्हती, आणि पोथी जळाली किंवा वाळवीने खाल्ली तरी नक्षत्र हरवत नव्हते. मात्र या पद्धतीत एक उणीव होती. श्लोक म्हणणारा आणि आकाश पाहणारा एकच माणूस असेल, तोवरच त्या शब्दांचा अर्थ जिवंत राहत असे. पाठांतर चालू राहिले आणि आकाशाकडे पाहणे थांबले, तर नाव उरते आणि तारा विसरला जातो.

एकोणिसाव्या शतकापर्यंत पुष्कळ ठिकाणी असेच झाले होते. जुन्या ग्रंथातील कोणते नाव आकाशातील कोणत्या ताऱ्याचे, हे शोधून काढणे आणि त्या शोधाच्या आधारे भारतीय ज्योतिषाचा सलग इतिहास लिहिणे हे अवघड काम मराठी भाषेत झाले. ते करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळाशिक्षक होते.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावच्या शाळेत झाले आणि संस्कृताचे व वेदपठणाचे संस्कारही तिथेच झाले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि शिक्षक झाले. मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते. त्यापलीकडे विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा बदल्या होत त्यांची नोकरी झाली. गणित आणि ज्योतिष यांतील त्यांचे बहुतेक ज्ञान हे दिवसाची शाळा सांभाळून स्वतः मिळवलेले होते. एका गावात जमवलेली पुस्तके आणि टिपणे बांधून घेऊन दुसऱ्या गावी पुन्हा अभ्यासाला बसायचे, असा त्यांचा क्रम राहिला.

ठाण्यात त्यांचा जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी स्नेह जुळला. मोडक हेही ज्योतिषाचे अभ्यासक होते. विसाजी रघुनाथ लेले यांच्याशीही त्यांचा संबंध आला. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाचा मोठा वाद चालू होता आणि या तिघांनी त्यात एक निश्चित बाजू घेतली.

तो वाद समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत असत. हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० चा. त्यातील रीती सोप्या आणि सुबक होत्या; पण कोणत्याही गणितात राहिलेली बारीक चूक वर्षानुवर्षे साचत जाते. साडेतीनशे वर्षांनंतर पंचांगात लिहिलेली ग्रहाची जागा आणि आकाशातील ग्रहाची जागा यांत अंतर दिसू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या शिळाछापखान्यातून छापील पंचांगे निघू लागली होती. हाताने लिहिलेल्या पंचांगातील चूक एका गावापुरती राहत असे. छापील पंचांगातील चूक एकाच वेळी शेकडो घरांत पोहोचू लागली.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नव्या युरोपीय गणिताच्या आधाराने ग्रहांची कोष्टके प्रसिद्ध केली आणि आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा पाया घातला. तेव्हा एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आला. राशिचक्र वर्तुळाकार आहे. वर्तुळाला आरंभ नसतो. तो कुठेतरी मानावा लागतो. जुन्या ग्रंथांप्रमाणे तो रेवती नक्षत्राच्या मुख्य ताऱ्यापाशी येतो. पण रेवतीत बत्तीस तारे सांगितले आहेत, आकार मृदंगाचा सांगितला आहे, आणि त्या भागात डोळ्यांत भरेल असा एकही तारा नाही. मीन राशीतील झीटा हा तारा रेवतीचा मानला गेला. तो इतका मंद आहे की अंधाऱ्या रात्रीही कष्टाने दिसतो. याउलट चित्रा हा तेजस्वी तारा आहे आणि ग्रंथांप्रमाणे तो आरंभबिंदूच्या अगदी समोर असला पाहिजे. चित्रेपासून मोजले तर आरंभ एका जागी येतो आणि झीटापासून मोजले तर सुमारे चार अंश दूर. चार अंश म्हणजे सूर्याची सुमारे चार दिवसांची चाल. त्यामुळे संक्रांत कधी मानायची आणि कोणता महिना अधिक धरायचा, हे एका अंधुक ताऱ्याच्या ओळखीवर अवलंबून राहिले.

दीक्षित, लेले आणि मोडक यांची भूमिका याहून निराळी होती. त्यांचे म्हणणे असे की महिने ऋतूंशी जोडलेले असले पाहिजेत. पृथ्वीचा आस अतिशय मंदगतीने फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात संपातबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो. म्हणून स्थिर ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंपासून हळूहळू दूर जाते. उत्तरायण प्रत्यक्षात डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला सुरू होते आणि मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावर येते, हे याचेच उदाहरण होय. संपातबिंदूपासून मोजण्याच्या या पद्धतीला सायन पद्धती म्हणतात. त्यांनी सायन पंचांग काढले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. सण आणि व्रते यांचे दिवस बदलणे ही केवळ गणिताची बाब नव्हती, घराघरातील श्रद्धेची आणि सवयीची बाब होती. तरीही दीक्षितांनी आपले मत सोडले नाही, आणि विरुद्ध मत मांडणाऱ्यांच्या विद्वत्तेचा मान राखण्यातही कसूर केली नाही.

या वादातून त्यांना एक गोष्ट स्पष्ट झाली असली पाहिजे. लोकांना तारे ओळखता येत नसतील, तर पंचांग बरोबर की चूक हे त्यांना कधीच ठरवता येणार नाही. त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी होते. रात्री दोन घटका बाहेर बसून आकाशाची मौज पाहावी, हे त्याच्या नावातच सुचवलेले आहे. संस्कृत वा इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला ग्रह, तारे आणि नक्षत्रे यांची ओळख सोप्या मराठीत करून देणारे ते पुस्तक होते.

त्यांचे मुख्य काम याच सुमारास चालू होते. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावरील मराठी ग्रंथासाठी पारितोषिक जाहीर केले होते. दीक्षितांनी ते काम अंगावर घेतले. साधने विखुरलेली होती. पुष्कळ ग्रंथ छापलेले नव्हते. पोथ्या मिळवाव्या लागत, त्यांतील पाठभेद ताडून पाहावे लागत आणि ग्रंथकाराचा काळ त्याच्याच गणितातून काढावा लागे. त्यांच्या लेखनाला पारितोषिक मिळाले. पुढे आणखी भर घालून १८९६ मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात वेदकाल आणि वेदांगकाल आहे, दुसऱ्यात सिद्धान्तग्रंथांपासून त्यांच्या स्वतःच्या काळापर्यंतची हकीकत आहे.

या ग्रंथातील नक्षत्रांचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. प्रत्येक नक्षत्रातील एका मुख्य ताऱ्याला योगतारा म्हणतात. सिद्धान्तग्रंथांत त्या ताऱ्याची जागा अंशांत दिलेली असते. दीक्षितांनी ती जागा, श्लोकातील आकार, ताऱ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष आकाश या चारही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या. कोलब्रुकसारख्या युरोपीय पंडितांनी आणि केरोपंतांसारख्या भारतीय गणितज्ञांनी ठरवलेले तारे त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. रोहिणी, मघा, चित्रा यांसारख्या तेजस्वी ताऱ्यांविषयी मतभेद नव्हता. आर्द्रा किंवा रेवती यांच्याविषयी मात्र विद्वानांचे एकमत नव्हते. जिथे निर्णय होत होता तिथे त्यांनी तो कारणांसह दिला. ताऱ्याची खूण पटवण्यासाठी बायरने आपल्या चित्रांतील ताऱ्यांना दिलेली ग्रीक अक्षरे उपयोगी पडली. रोहिणीचा गाडा आणि युरोपीय चित्रातील वृषभाचा डोळा यांची अशा रीतीने एका मराठी ग्रंथात गाठ पडली. एका परंपरेने तारा शब्दांत जपला होता, दुसरीने तो चित्रात कोरला होता. दोन्हींची परीक्षा आकाशाकडे पाहूनच करायची होती.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध कृत्तिकांविषयीचा आहे. शतपथब्राह्मणात असे विधान आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. शतकानुशतके हे वाक्य म्हटले जात होते. दीक्षितांनी ते वेध घेणाऱ्याच्या दृष्टीने वाचले. जो तारा विषुववृत्तावर असतो तोच बरोबर पूर्वेला उगवतो. आज कृत्तिका महाराष्ट्रातून पूर्वबिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवताना दिसतात. विधान वर्तमानकाळात आहे, म्हणजे ते लिहिले गेले तेव्हा कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत असल्या पाहिजेत, असा त्यांनी तर्क केला. संपाताची गती ठाऊक असल्यामुळे तो काळ मोजता येत होता. उत्तर आले इ. स. पूर्व सुमारे ३०००. त्या वाक्यातून एवढा मोठा निष्कर्ष काढावा की नाही, यावर नंतरच्या विद्वानांत मतभेद झाले आणि ते आजही आहेत. पण कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या, याचे त्यांचे गणित आधुनिक गणिताशी जुळते. लोकमान्य टिळकांचा मृगशीर्षावर आधारलेला वेदकालनिर्णयाचा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या दशकात महाराष्ट्रात ताऱ्यांच्या साहाय्याने इतिहास वाचण्याचा प्रयत्न अशा रीतीने दोन बाजूंनी चालला होता.

दीक्षितांच्या गणिताची किंमत शिलालेखांच्या अभ्यासकांनाही कळली. गुप्तकालीन लेखांचा जॉन फेथफुल फ्लीट यांनी संपादिलेला संग्रह १८८८ मध्ये निघाला. गुप्त संवताचा आरंभ ठरवण्याच्या कामी लेखांतील तिथी-वारांचे गणित दीक्षितांनी करून दिले होते. रॉबर्ट सिवेल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही ताम्रपटावरील तिथी इसवी सनात कशी बदलायची, हे त्यावरून इतिहासकारांना समजू लागले.

आयुष्याची शेवटची वर्षे दीक्षितांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात काढली. त्याच काळी पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. तिथे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला वीस इंच व्यासाच्या दुर्बिणीतून आकाशाचे निरीक्षण करीत. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ टाकून वेध घेतले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २० एप्रिल १८९८ रोजी, दीक्षितांचे पुण्यात निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते.

पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील वेधशाळेत गेली. ही वेधशाळा आज ज्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचा भाग आहे, तिचे मुख्य कार्यालय बंगळूरच्या कोरमंगला भागात आहे. या संस्थेची परंपरा अठराव्या शतकातील मद्रासच्या वेधशाळेपासून सुरू होते आणि तिथली जुनी कागदपत्रे कोरमंगल्याच्या संग्रहात जपलेली आहेत. मद्रासच्या वेधशाळेने १८४४ मध्ये ११,०१५ ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली होती. त्या यादीत घोडा नाही, गाडा नाही, शिकारीही नाही. फक्त ताऱ्यांच्या जागा सांगणारे आकडे आहेत. श्लोकातून चित्राकडे, चित्रातून अक्षराकडे आणि अक्षरातून आकड्यांकडे असा आकाशाच्या नोंदीचा प्रवास झाला. दीक्षितांच्या हाती अशी साधने नव्हती. पण हे आकडे आणि ते जुने श्लोक एकाच आकाशाविषयी बोलतात, हे दाखवून देण्याचे काम त्यांनी केले.

त्यांच्या पश्चात त्यांच्या ग्रंथाची कीर्ती वाढत गेली. १९३१ मध्ये मराठीत दुसरी आवृत्ती निघाली, १९५७ मध्ये हिंदी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि पुढे भारत सरकारने इंग्रजी भाषांतर दोन भागांत प्रकाशित केले. ते र. वि. वैद्य यांनी केले होते. देशभरासाठी एक दिनदर्शिका ठरवण्याकरिता मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये जी समिती नेमली गेली, तिचेही वैद्य सदस्य होते. तिच्या शिफारशीप्रमाणे २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि तिचे महिने ऋतूंना बांधलेले आहेत. लेले, मोडक आणि दीक्षित यांनी सत्तर वर्षांपूर्वी हेच तत्त्व मांडले होते. सण-व्रतांसाठी लोक मात्र आजही आपापल्या परंपरेचे पंचांग पाहतात.

दीक्षितांनी मागे ठेवलेली पद्धत यापेक्षाही साधी आहे. जुने वाक्य नीट वाचावे, त्यात सांगितलेली गोष्ट आकाशात शोधावी, आणि दोहोंत फरक पडला तर त्याचे कारण मोजून काढावे. त्यासाठी मुरूडसारख्या खेड्यातील अंगण आणि शाळामास्तराची फुरसतीची रात्र त्यांना पुरली. कृत्तिकांचा पुंजका आजही तिथून उगवताना दिसतो. पूर्वेला काठी रोवून तो किती उत्तरेकडे उगवतो, हे कोणालाही पडताळून पाहता येते.